पोस्टातलं काम एका फेरीत, आणि पोस्ट गल्लीतच

नाशिकरोडला जेलरोडच्या बाजूला मला सगळे ‘पोस्टवाल्या काकू’ म्हणतात. खरं तर मी पोस्टात नोकरीला नाही. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची एजंट आहे. घरोघर जायचं, आरडीचे, म्हणजे दरमहा थोडं थोडं भरायच्या ठेवीचे हप्ते गोळा करायचे, यादी करायची आणि पोस्टात भरायचे, हे १९९८ पासून करतेय. सासरे प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की पुरतं, पण बाहेरच्यांसाठी सांगते: इंडिया सिक्युरिटी प्रेस. देशाची टपाल तिकिटं १९२५-२६ पासून इथे छापली जातात, त्याआधी ती लंडनहून यायची. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, २१ नोव्हेंबर १९४७ चं, तिरंगा आणि ‘जय हिंद’वालं, साडेतीन आण्यांचं, तेही इथलंच. त्यामुळे आमच्या घरात पत्राला तिकीट तिरकं चिकटवलेलं कुणाला खपत नसे.

आता जो भेटतो तो एकच विचारतो: काकू, पोस्ट टिकणार का हो? देशात सुमारे १ लाख ६४ हजार पोस्टं आहेत, दहातली नऊ खेड्यापाड्यांत. खर्चाचा मोठा वाटा पगार आणि पेन्शनचा. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं आणि ते पोचवायला खात्याला त्याच्या कित्येक पट लागतात. तिकडे डेन्मार्कच्या सरकारी टपाल कंपनीने २०२५ च्या अखेरीस घरोघर पत्रं टाकणं बंदच केलं. तेव्हा टिकणार की नाही हे मी काय सांगणार? पण सत्तावीस वर्षं काउंटरच्या अलीकडे उभं राहून एक दिसलंय. पोस्टाबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत, आणि हळहळणाऱ्यांपैकी बहुतेकांचं पोस्टात खातं नाही. कीव म्हणून कुणी पोस्टात जाऊ नये. जे काम पोस्ट स्वस्तात आणि चोख करतं तेवढं तिथे न्यावं, आणि एका फेरीत करून घ्यावं. दोन-तीन फेऱ्या झाल्या की माणूस तोंड फिरवतो आणि तिथला गिऱ्हाइकांचा आकडा एकाने कमी होतो. म्हणून आधी फेरी वाचवायचं सांगते, मग आकड्याचं.

कधी जायचं

आरडीचा नियम असा: खातं महिन्याच्या १ ते १५ तारखेदरम्यान उघडलेलं असेल तर हप्ता १५ पर्यंत, नंतर उघडलेलं असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. म्हणजे ११ ते १५ आणि २६ पासून अखेरपर्यंत काउंटरवर आम्ही एजंट बायका ठाण मांडून असतो. आमचे लॉट असतात, म्हणजे अनेकांचे हप्ते एका यादीत एकत्र. रोखीचा एक लॉट वीस हजारांपर्यंतचाच करता येतो, त्यामुळे माझ्यासारखीचे चार-पाच लॉट एका वेळी असतात. तुमच्यापुढे अशा तीन जणी असल्या की तुमचा अर्धा दिवस गेला.

जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवशीही शक्यतो नको. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज दर तिमाहीला तेव्हा जमा होतं आणि आजी-आजोबा पासबुकं घेऊन हजर असतात. सध्या त्या योजनेला ८.२ टक्के आहेत, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, त्यामुळे गर्दी होणारच. मार्चअखेरचं तर बोलायलाच नको.

५ ते ९ आणि १७ ते २४ या तारखा धरा. सकाळी काउंटर उघडल्यावर अर्ध्या तासाने जा. अगदी उघडता उघडता गेलात तर बिचारा क्लार्क अजून पासवर्ड टाकत असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये देशभर नवी संगणक प्रणाली आली. त्या बदलाच्या दिवसांत एका काउंटरवर माझा लॉट तीन दिवस अडकला होता आणि मी तीनही दिवस डबा घेऊन गेले होते. आता बरंच सुरळीत आहे, काउंटरवर क्यूआर कोडने पैसेही घेतात. तरी निघण्यापूर्वी तिथल्या कुणाला तरी विचारून घ्यावं, लिंक आहे का. माझ्या गिऱ्हाइकांसाठी तो ‘कुणीतरी’ म्हणजे मी.

सही

पोस्टातून लोक हात हलवत परत येतात त्याचं सगळ्यात मोठं कारण सर्व्हर नाही, सही आहे. वीस वर्षांपूर्वी खातं उघडताना केलेली सही आणि आजची सही जुळत नाही. आमच्या गल्लीतल्या एका शिंपीणबाईंनी खातं उघडताना हौसेने पूर्ण नाव लिहिलं होतं, आडनावाच्या शेवटी वेलांटीला झोका दिलेला. नंतर बोटांना संधिवात झाला. पैसे काढायला गेल्या तेव्हा झोका काही येईना. तीन स्लिपा फाडल्या.

सही बदलली असेल तर पैसे काढायच्या दिवसाची वाट बघू नका. आधार, पॅन, पासबुक घेऊन एखाद्या रिकाम्या दिवशी जा आणि नमुना सही नव्याने नोंदवायची आहे असं सांगा. पोस्टमास्तरांसमोर सही करावी लागते, पाच मिनिटांचं काम. त्याच वेळी मोबाईल नंबर जोडलेला आहे का आणि पॅन-आधार नोंदवलेलं आहे का तेही बघून घ्या. सोबत दोन फोटो, आधार-पॅनच्या झेरॉक्स आणि स्वतःचं पेन ठेवा. झेरॉक्सवर तिथेच सही करायला सांगतात, त्यामुळे घरून करून नेऊ नका.

आरडी, माझं स्वतःचं दुकान

इथे मी जरा लांबण लावणार.

पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते. महिना १०० रुपयांपासून, पुढे दहाच्या पटीत कितीही. हे लिहिताना व्याज ६.७ टक्के आहे. हजार रुपये महिना भरले तर पाच वर्षांत ६० हजार जातात आणि ७१ हजारांच्या वर हातात येतात. शेअरबाजारवाले पुतणे-भाचे हसतात. हसू दे. बिटको पॉईंटला भाजी विकणाऱ्या एका आजींकडून मी रोज संध्याकाळी वीस-वीस रुपये घ्यायचे आणि महिन्याला सहाशेचा हप्ता भरायचे. त्यातून त्यांनी नातीचं नर्सिंगचं पहिलं वर्ष काढलं. वीस रुपयांसाठी रोज दारात येणारी दुसरी कोणती संस्था आहे ते मला दाखवा.

हप्ता चुकला तर शंभराला महिना एक रुपया दंड. चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं, आणि चौथ्या चुकीपासून दोन महिन्यांत सगळे भरून चालू केलं नाही तर त्यात पुढे भरता येत नाही. हातात एकदम पैसे आले, बोनस म्हणा, द्राक्षाचा किंवा कांद्याचा हिशोब म्हणा, तर सहा हप्ते आगाऊ भरा, शंभरामागे १० रुपये सूट मिळते. बारा आगाऊ भरलेत तर ४० रुपये. ही गोष्ट विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. आमच्या निफाडकडच्या एका नातेवाइकाने कांद्याचे पैसे आले तेव्हा वर्षाचे हप्ते एकदम टाकले आणि भाव पडले त्या वर्षी आरडीकडे बघायचीही गरज पडली नाही.

मध्येच अडचण आली तर मोडू नका. वर्ष होऊन बारा हप्ते भरले असतील तर जमा रकमेच्या निम्मं कर्ज मिळतं, आरडीच्या व्याजदरापेक्षा दोन टक्के जास्त दराने. मोडायची असेल तर तीन वर्षं थांबावं लागतं, आणि मुदतीआधी मोडली की बचत खात्याचं ४ टक्के व्याज मिळतं. सोनं गहाण टाकणाऱ्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी पासबुक बघते.

आता एजंटबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल. मला हप्त्यावर ४ टक्के कमिशन मिळतं. ते सरकार देतं, तुमच्या पैशातून जात नाही. हजार रुपयांचे चाळीस. म्हणून कुणी एजंट तुमच्याकडून ‘सेवाशुल्क’ मागत असेल तर तिला दारातूनच परत पाठवा. पैसे दिले की तिने तिथल्या तिथे तुमच्या कार्डावर रक्कम, तारीख लिहून सही केली पाहिजे. आम्ही त्याला अस्लास कार्ड म्हणतो. कार्ड तुमच्या घरी राहतं, तिच्या पिशवीत नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा स्वतः जाऊन पासबुकात नोंदी छापून घ्या आणि कार्डाशी ताडून बघा. माझ्यावर विश्वास असला तरी. विश्वास असला तर जास्तच.

हे का सांगतेय? शेजारच्या भागातल्या एकीने वर्षभर हप्ते गोळा केले आणि भरलेच नाहीत. लोकांनी कार्डं तिच्याचकडे ठेवली होती, ‘ताई घरच्याच आहेत’ म्हणून. पोलिसांत गेल्यावर हातात पुरावा काय, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने केलेल्या खुणा. आणखी एक: मला फक्त पाच वर्षांच्या आरडीचा अधिकार आहे. तुमचे पैसे काढून आणणं, मुदत ठेवीचे चेक नेणं, ही माझी कामं नाहीत. कोरी सही केलेली स्लिप कुणा एजंटच्या हातात देऊ नका.

आरडीचा हप्ता घरबसल्या भरायचा असेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढून त्यांच्या ॲपमधून भरता येतो. ही बँक १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली, तिच्यात शिल्लक दोन लाखांपर्यंत ठेवता येते. माझ्याच पोटावर पाय येतो हे मला कळतं. तरुण मुलांनी ॲप वापरावं, माझी ना नाही. पण भाजीवाल्या आजी काही ॲप वापरणार नाहीत.

नॉमिनी

आमच्या ओळखीतल्या एक मावशी. यजमान गेले, पोस्टात दोन खाती. उघडताना नॉमिनी लिहिला होता हे मावशींना पक्कं आठवत होतं, कारण फॉर्मवर त्यांचंच नाव त्यांनी स्वतः भरलं होतं. पण जुनी वहीखाती संगणकावर चढवताना ते नाव कुठेतरी गळलं. ते कार्यालय कुठलं ते सांगत नाही, सांगून उपयोग नाही. माणूस गेल्यावर ही गोष्ट उघड झाली. मावशी आठ महिने खेपा घालत होत्या.

तेव्हा आजच पासबुक उघडा आणि नॉमिनेशनची नोंद छापलेली आहे का ते बघा. नसेल तर काउंटरवर विचारा, संगणकात काय दिसतं. नोंद नसेल किंवा बदलायची असेल तर फॉर्म १० भरून द्या. पूर्वी बदलाला ५० रुपये लागत, एप्रिल २०२५ पासून ते शुल्क नाही. भरल्यावर पोच घ्या, शिक्क्याची. पोच घ्यायला लाजू नका. पोस्ट शिक्क्यावरच चालतं.

माणूस गेला असेल आणि नॉमिनी नोंदलेला असेल तर दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, पासबुक आणि नॉमिनीचे आधार-पॅन एवढ्यावर काम होतं. नॉमिनी नसेल आणि रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर मृत्यूला सहा महिने झाल्यावर प्रतिज्ञापत्र, बाकी वारसांची नाहरकत आणि हमीपत्र देऊन पैसे मिळतात, कोर्टाचा वारस दाखला लागत नाही. मावशींना कुणीतरी पहिल्याच दिवशी कोर्टात जा म्हणून सांगितलं होतं आणि त्यांनी वकिलाला पैसेही दिले. रक्कम होती एक लाख ऐंशी हजार.

मुदत संपलेली खाती तशीच पडू देऊ नका. मुदत संपून तीन वर्षं झाली आणि तुम्ही ते बंद केलं नाही किंवा मुदत वाढवून घेतली नाही, तर खातं गोठवतात. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत ही मोहीम असते. पैसे बुडत नाहीत, पण पुन्हा कागदपत्रांची वारी. कपाटातली जुनी पासबुकं काढा. विकासपत्रं देवघरातल्या पोथीत सापडतात, माझा अनुभव आहे.

पत्र, पुस्तक, पार्सल

रजिस्टर एडी आता स्वतंत्र राहिलं नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टमध्ये मिसळलं. सोसायटीची नोटीस किंवा वकिलाचं पत्र पाठवायचं असेल तर काउंटरवर असं म्हणा: स्पीड पोस्ट, रजिस्ट्रेशनसह. म्हणजे ज्याचं नाव त्याच्याच किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या हातात पडतं. ऑक्टोबर २०२५ च्या दरांनुसार पन्नास ग्रॅमपर्यंतचं स्पीड पोस्ट गावातल्या गावात १९ रुपये, बाहेर ४७ रुपये. रजिस्ट्रेशनचे वर ५, ओटीपी सांगूनच द्यायचं असेल तर आणखी ५, आणि जीएसटी वेगळा. विद्यार्थ्यांना १० टक्के सूट आहे, ओळखपत्र दाखवून मागा. पूर्वी रजिस्टर सव्वीस रुपयांच्या आसपास सुरू व्हायचं. कोर्टकचेरीच्या गरीब माणसाला हा फरक जाणवतो. मला हा निर्णय पटलेला नाही, पण स्पीड पोस्ट खरंच लवकर पोचतं हेही खरं.

पुस्तकं पाठवायची असतील तर ‘ज्ञान पोस्ट’ मागा. मे २०२५ मध्ये सुरू झालंय. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. अभ्यासाची, धार्मिक, सांस्कृतिक छापील पुस्तकं चालतात. नियतकालिकं आणि जाहिरातींची पत्रकं चालत नाहीत. नाशिकमध्ये मुक्त विद्यापीठ आहे, स्पर्धा परीक्षांच्या मुलांच्या खोल्या आहेत, आणि तरी ही सोय निम्म्या मुलांना माहीत नाही. जुनी पुस्तकं गावाकडच्या भावाला पाठवायला याहून स्वस्त काही नाही.

पत्त्याचं एक सांगते. नाशिकमधली माणसं कुठेही राहत असली तरी ४२२००१ लिहितात. तो जीपीओचा, म्हणजे मुख्य पोस्टाचा पिन. नाशिकरोड ४२२१०१, पंचवटी ४२२००३, सातपूर ४२२००७. चुकीचा लिहिला की टपाल आधी तिकडे जातं, मग तिथून वळतं, दिवस गेला. येवला, मनमाड, मालेगाव तर जिल्हा नाशिक असूनही ४२३ ने सुरू होतात. पहिला आकडा विभाग, पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणारं कार्यालय. ही रचना बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन सुरू झाला. आपल्या माणसाने लावून दिलेली घडी आपणच विस्कटतो. साई अपार्टमेंट नावाच्या इमारती माझ्या फेरीतच चार आहेत, तेव्हा पिनबरोबर मोबाईल नंबरही घाला.

परदेशी फराळ पाठवणाऱ्यांनी घाई करू नये आणि उशीरही करू नये. २०२५ मध्ये अमेरिकेने जकातीचे नियम बदलले आणि ऑगस्टच्या अखेरीपासून तिकडचं टपाल थांबलं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी भाजणी दळून ठेवली होती. १५ ऑक्टोबरला टपाल पुन्हा सुरू झालं, जकात इथेच आगाऊ भरून. लक्ष्मीपूजन २१ ला. चकल्या तुळशीच्या लग्नाला पोचल्या. यावरून एवढंच: निघण्यापूर्वी त्या देशाचं टपाल चालू आहे ना ते विचारा, वस्तूंची यादी आणि किंमत इंग्रजीत लिहून न्या, आणि खोका बंद करून नेऊ नका, आतलं बघायला मागतात. चिकटपट्टी सोबत ठेवा.

येवल्याच्या पैठणीसारखा माल परदेशी गिऱ्हाइकाला विकणाऱ्यांसाठी डाकघर निर्यात केंद्रं आहेत, देशभर हजारावर. आयात-निर्यात कोड काढून घ्या, बाकी सीमाशुल्काची कागदपत्रं तिथूनच ऑनलाइन भरतात. छोट्या धंद्याला एजंटाशिवाय हे जमतं.

आणि हो, काउंटरवर गंगोत्रीच्या गंगाजलाची बाटली मिळते, पाव लिटरची. आम्ही नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतो, ‘गंगेवर जाऊन येते’ म्हणून घाटावर जातो. तरी बाटल्या खपतात.

घरी येणारं पोस्ट

पेन्शनरांचा हयातीचा दाखला पोस्टमन घरी येऊन अंगठ्यावर किंवा चेहऱ्यावर काढून देतो, ७० रुपयांत. नोव्हेंबरची वाट बघून अंथरुणावरच्या माणसाला रिक्षात घालून बँकेत नेऊ नका, पोस्टमनला सांगा. आधारशी जोडलेल्या कुठल्याही बँकेच्या खात्यातून तो एका वेळी दहा हजारांपर्यंत रोख काढून देऊ शकतो. सुरगाणा, पेठकडे अजूनही हेच एटीएम आहे. २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे दीड हजार यायला लागले तेव्हा माझ्या फेरीतल्या कितीतरी बायकांनी पोस्टाच्या बँकेतच खातं काढलं, कारण बाकी बँकांनी त्यांना फक्त रांग दाखवली.

पोस्ट हलवणार असं कानावर आलं तर

आमच्या भागातल्या छोट्या पोस्टाबद्दल ही कुजबुज दोन वर्षांपूर्वी सुरू झाली. लगेच सह्यांची मोहीम निघाली. तीनशे सह्या झाल्या. मी यादी वाचली आणि हसू की रडू कळेना: तीनशेपैकी चाळीस जणांचंही तिथे खातं नव्हतं.

कार्यालय ठेवायचं की हलवायचं हे बघताना टपाल खातं कामाचा आकडा बघतं, सह्या नाही. खेड्यातलं शाखा डाकघर उघडायचे जुने निकषच बघा: रोज किमान तीन तासांचं काम, आणि खर्चाच्या तुलनेत उत्पन्न साध्या भागात निदान एक तृतीयांश, डोंगराळ-आदिवासी भागात १५ टक्के. म्हणजे सरकारही पोस्टाकडून नफा मागत नाही, पण आकडा शून्याकडे चालला की मग कुणी थांबवू शकत नाही.

म्हणून पहिलं काम: कारण शोधा. शहरात बऱ्याचदा गिऱ्हाईक कमी हे कारण नसतंच. पोस्ट भाड्याच्या जागेत असतं, भाडं जुनं, घरमालकाला इमारत पाडून नवी बांधायची असते. आमच्याकडे तेच निघालं. कारण भाडं असेल तर मोर्चा काढून उपयोग नाही, जवळपास परवडेल अशी जागा शोधून द्यावी लागते.

कारण कसं कळणार? माहिती अधिकार. साध्या कागदावर अर्ज, शुल्क १० रुपये, आणि ते पोस्टल ऑर्डरने भरता येतं. म्हणजे पोस्टाबद्दल विचारायलाही पोस्टातूनच खरेदी. दहाची पोस्टल ऑर्डर मागितली तेव्हा क्लार्कने दोन खण उघडले. अर्जात लांबलचक काही लिहू नका. एवढंच मागा: गेल्या तीन वर्षांत या कार्यालयात दरमहा किती व्यवहार झाले, किती नवी खाती उघडली, उत्पन्न किती, जागेचं भाडं किती, आणि स्थलांतराचा किंवा विलीनीकरणाचा प्रस्ताव आहे का, असल्यास प्रत. अर्ज नाशिक विभागाच्या वरिष्ठ डाकघर अधीक्षकांच्या नावे. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते.

दुसरं काम: उत्तराची वाट बघत बसू नका, आकडा वाढवा. आमच्या दोन सोसायट्यांत मी रविवारी टेबल टाकून बसले. सह्या करणाऱ्यांना म्हटलं, सही दिलीत, आता शंभर रुपये महिना द्या. तीन महिन्यांत बासष्ट नव्या आरड्या झाल्या. दहा वर्षांखालच्या मुली असलेल्या अकरा घरांनी सुकन्या समृद्धी उघडली, वर्षाला २५० पासून भरता येते, ८.२ टक्के आहेत. सुकन्येवर मला एक पैसाही कमिशन नाही, हे मुद्दाम सांगितलं, नाहीतर लोक म्हणतात काकूंचा धंदा चाललाय. सोसायटीच्या सेक्रेटरींनी थकबाकीच्या नोटिसा कुरिअर सोडून स्पीड पोस्टने पाठवायला सुरुवात केली.

तिसरं: अर्ज. त्यात आठवणी लिहू नका. ‘शंभर वर्षांचा वारसा’ वगैरे वाचून कुणी निर्णय बदलत नाही. लिहा की या कार्यालयात इतकी खाती आहेत, इतके ज्येष्ठ नागरिक महिन्याला येतात, पुढचं पोस्ट इतकं लांब आहे, मध्ये रेल्वेफाटक किंवा महामार्ग आहे. प्रत विभागाला, दुसरी नाशिक विभाग ज्यांच्याकडे येतो त्या पोस्टमास्तर जनरलच्या कार्यालयात. अधूनमधून डाक अदालत भरते, तिच्यात तक्रार मांडता येते, सूचना पोस्टातल्या फळ्यावर लागते. फळा वाचत जा.

आमच्या पोस्टाचं अजून ठरलेलं नाही. उत्तरात प्रस्ताव ‘विचाराधीन’ असं आलं. घरमालक वर्षभर थांबायला तयार झालेत. पर्यायी जागा एक बघितली आहे, सातशे मीटरवर, भाडं बसण्यासारखं, पहिला मजला. आम्ही सगळे खूश. संध्याकाळी फेरीला गेले तेव्हा भाजीवाल्या आजींना सांगितलं, सातशे मीटर चालाल ना?

त्या म्हणाल्या, ‘चालण्याचं सोड गं, पायऱ्या किती ते सांग.’

दुसऱ्या दिवशी जाऊन मोजल्या. एकोणीस, आणि कठडा एकाच बाजूला. पुढच्या अर्जात तेच लिहिलंय, आणि त्याच गल्लीत तळमजल्यावर बंद पडलेलं एक पिठाच्या गिरणीचं दुकान आहे, त्याच्या मालकाला या रविवारी भेटणार आहे.